‘साध्वी मीराबाई’ : एका अपयशाची नोंद

या सदरातून आपण बहुधा गाजलेल्या कलाकृतींचा परामर्श घेतो. यशाच्या कथा वाचावयास सर्वांनाच आवडतात. परंतु पेढीवर बसणाऱ्या वाचकांना सांगावयास नको की, जमेच्या पानाइतकेच नावेचे पानही महत्त्वाचे असते. जुना जाणता मुनीम नव्याने गादीवर बसणाऱ्या मुलास नफ्याची खाती दाखवण्याआधी बुडालेली खाती वाचावयास लावतो, कारण शहाणपण तेथे अधिक साठलेले असते. म्हणून या अंकात एका फसलेल्या चित्रपटाविषयी लिहावयाचे योजिले आहे.

चित्रपटाचे नाव ‘साध्वी मीराबाई’. साल १९३७. दिग्दर्शक कलामहर्षी बाबूराव पेंटर. विषय संत मीराबाईंचा, म्हणजे अवघ्या भारतवर्षास पूज्य असलेला. चित्रपट संगीतप्रधान, आणि प्रमुख भूमिकेत महाराष्ट्राने ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला ते नटसम्राट नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. विषय उत्तम, दिग्दर्शक थोर, गायक अलौकिक. यांपैकी एकही बाब उणी नव्हती. तरीही चित्रपट चालला नाही. ज्या प्रेक्षकांनी बालगंधर्वांसाठी रात्रीमागून रात्री जागवल्या होत्या, त्यांनीच या चित्रपटाकडे पाठ फिरवली.

असे का झाले असावे? प्रश्न सिनेमाचा आहे, पण तेवढाच नाही. उत्तम माणूस, उत्तम काम, आणि तरीही जागा चुकलेली, असा प्रकार प्रत्येक घरात व प्रत्येक पेढीवर केव्हा ना केव्हा घडतो. म्हणून या अपयशाचा थोडा बारकाईने विचार करू.

रंगभूमीवरील अढळपद

बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांच्या तोंडून ‘बालगंधर्व’ हे नाव निघाले आणि तेच जन्मभर राहिले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले व शकुंतलेच्या भूमिकेने त्यांची कारकीर्द सुरू झाली. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या घरी अपत्यशोक झाला. तरीही प्रयोग त्यांनी रद्द होऊ दिला नाही. १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘स्वयंवर’ मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ मधील सिंधू या भूमिका तर मराठी मनात कोरल्या गेल्या.

त्या काळी कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे समाजास मान्य नव्हते. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. परंतु बालगंधर्वांनी स्त्रीची केवळ नक्कल केली नाही. लुगडे कसे नेसावे, अंबाड्यात फूल कोठे खोचावे, शालू सावरीत कसे चालावे, हे घराघरांतील सुवासिनी त्यांच्याकडे पाहून शिकल्या. पुरुषाने स्त्रियांना स्त्रीत्वाची रीत शिकवावी, ही गोष्ट इतिहासात वारंवार घडत नाही.

व्यापारी वाचकांना त्यांच्या चरित्रातील आणखी एक बाब विशेष भावेल. मंडळीचा थाट राजेशाही होता. भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, गालिचे, कशातच काटकसर नव्हती. परिणामी १९२१ च्या सुमारास मंडळीवर लाखाच्या घरातील कर्ज झाले. बालगंधर्वांनी हात वर केले नाहीत. पुढील काही वर्षे प्रयोगांमागून प्रयोग करून त्यांनी ते कर्ज फेडले. हिशेब ठेवण्याची कला त्यांना नव्हती, हे खरे. पण देणे म्हणजे देणे, ही जाण मात्र पुरेपूर होती. बाजारात पत कशाला म्हणतात हे आपण जाणतो. त्या अर्थाने ते पतदार होते.

बोलपट आला आणि पेठ बदलली

६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली. हेच टेंबे एकेकाळी गंधर्व मंडळीतील बालगंधर्वांचे भागीदार होते. तारामतीची भूमिका मात्र एका खऱ्याखुऱ्या स्त्रीने, सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील दुर्गाबाई खोटे यांनी केली. पुरुष तारामती आणि स्त्री तारामती यांतील अंतर प्रेक्षकांच्या डोळ्यांस एका दिवसात कळले.

हे अंतर पूर्वी जाणवत नव्हते काय? दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात तारामती झाले होते साळुंके नावाचे पुरुष नट. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये तर याच साळुंक्यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि लोकांनी त्या भक्तिभावाने पाहिल्या. त्या वेळी दुसरा पर्याय दिसलेला नव्हता. एकदा अस्सल माल बाजारात आला की गिऱ्हाइकाची नजर तयार होते, आणि तयार झालेली नजर पुन्हा मागे जात नाही. १९१७ मध्ये जे गोड मानून घेतले गेले, ते १९३७ मध्ये खटकणार होते. वीस वर्षांत प्रेक्षक बदलला होता.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. मराठी चित्रपटात स्त्रियांना आग्रहाने आणणाऱ्यांत बाबूराव पेंटर अग्रभागी होते. १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’ मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्याची कथा सांगणारा ‘सावकारी पाश’ हा १९२५ मधील त्यांचा मूकपट वास्तवदर्शी चित्रणासाठी आजही नावाजला जातो. शांताराम, दामले व फत्तेलाल हे प्रभातचे आधारस्तंभ त्यांच्याच तालमीत घडले. म्हणजे कॅमेऱ्यासमोर काय खरे दिसते व काय खोटे दिसते हे ज्यांनी मराठी माणसास शिकवले, त्यांच्याच हातून ‘साध्वी मीराबाई’ घडला.

बोलपटांमुळे नाटक मंडळ्यांचे उत्पन्न घसरले. शे-दीडशे माणसांचा लवाजमा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मंडळीस रोजचा खर्च चुकत नाही. आणि तेथे एक डबाभर फीत शेकडो गावांत एकाच वेळी खेळ करू लागली. अशा परिस्थितीत बालगंधर्वांनी मंडळीचे प्रयोग थांबवून प्रभातशी भागीदारी केली. त्यातून १९३५ मध्ये शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ निर्माण झाला. संत एकनाथांचे हे चरित्र. आपल्या शेवगावच्या पलीकडे, गोदावरीच्या काठी असलेल्या पैठणचे नाथ महाराज. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. परंतु परीक्षण मंडळास त्यात गांधीजींचा संदर्भ दिसला व नाव बदलावे लागले. मास्तर कृष्णरावांचे संगीत होते. या चित्रपटात बालगंधर्वांनी पुरुषाची, म्हणजे एकनाथांची भूमिका केली.

चित्रपट वाईट नव्हता. अस्पृश्यतेविरुद्ध त्याने निर्भीडपणे आवाज उठवला. परंतु बालगंधर्वांना पाहावयास आलेल्या रसिकांना पडद्यावर रुक्मिणी वा सिंधू दिसली नाही, आणि जो पुरुष दिसला त्याच्याशी त्यांची ओळख नव्हती. अपेक्षित यश आले नाही, आणि पहिल्याच चित्रपटानंतर ती भागीदारी संपली.

मीरेचे वस्त्र

यानंतर घडले ते अगदी स्वाभाविक होते. पुरुषभूमिकेत लोकांनी स्वीकारले नाही, तर ज्या रूपावर लोकांनी प्रेम केले त्याच रूपात पुन्हा यावे, असे वाटणे चूक कसे म्हणावे? वसंत शांताराम देसाई यांचे मीराबाईंवरील ‘अमृतसिद्धी’ हे नाटक बालगंधर्व रंगभूमीवर करीत होते. तेच चित्रपटासाठी घेण्यात आले. नाटकाची मांडणी, नाटकाची पदे, नाटकाची लय, हे सारे जवळजवळ तसेच ठेवून समोर कॅमेरा उभा करण्यात आला. मीरेचे वस्त्र नेसून बालगंधर्व त्यासमोर आले, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

नाट्यगृहात प्रेक्षक व नट यांच्यामध्ये अंतर असते. पुढच्या रांगेतील माणूसही काही हात दूर बसलेला असतो, मागचा तर बराच दूर. त्या अंतरावर वय विरघळते. दिव्यांचा प्रकाश, रंगभूषा, वस्त्रांची सळसळ आणि मुख्य म्हणजे स्वर, यांतून प्रेक्षक आपल्या मनात एक स्त्री घडवतो. म्हणजे रंगभूमीवरील रुक्मिणी अर्धी नटाने घडवलेली असे आणि अर्धी प्रेक्षकाने. कॅमेरा हे अंतर पुसून टाकतो. तो हनुवटीची ठेवण दाखवतो, मानेच्या रेषा दाखवतो, मनगटाची रुंदी दाखवतो. त्याला श्रद्धा नसते. सराफाच्या कसोटीप्रमाणे तो समोर येईल त्याचा कस सांगतो. दागिना कोणाच्या घराण्याचा आहे हे विचारीत नाही.

गाण्याचीही तीच गत. बालगंधर्वांचे नाट्यपद रंगमंचावर वीस-पंचवीस मिनिटे चाले. रसिकांनी ‘वन्समोअर’ म्हणावे, त्यांनी तेच पद पुन्हा गावे आणि दर वेळी नव्या जागा घ्याव्यात, हा उभयपक्षी आनंदाचा व्यवहार होता. चित्रपटात गाणे ठराविक लांबीत बसवावे लागते. स्टुडिओत दाद देणारा रसिक नसतो. शांतता पाळण्याचा हुकूम असतो. ज्यांचे गाणे समोरच्या माणसाच्या डोळ्यांतील पाणी पाहून फुलत असे, त्यांना यंत्रासमोर फुलण्यास सांगणे म्हणजे मोगऱ्यास बंद कपाटात उमलण्यास सांगणे होय.

मीरेच्या व्यक्तिरेखेची मागणी आणखी निराळी होती. रुक्मिणी ही राजकन्या, भामिनी श्रीमंत बापाची लाडकी लेक. तेथे थाट शोभे, लाडिकपणा शोभे. मीरा ही राजवैभव टाकून निघालेली. तिच्या अंगावर अलंकार नको, हालचालीत नखरा नको. तिचे सारे ऐश्वर्य चेहऱ्यावरील शांतीत. म्हणजे वेषभूषेचा व विभ्रमांचा जो आधार इतर भूमिकांत होता तोच येथे काढून घेतला गेला, आणि उरला तो केवळ चेहरा. तोही कॅमेऱ्याच्या निर्दय सान्निध्यात. बालगंधर्वांच्या साऱ्या नायिकांपैकी चित्रपटास सर्वांत अवघड जाणारी नायिका बहुधा हीच होती.

त्याच सुमारास इतरत्र

तुलनेशिवाय किंमत कळत नाही. म्हणून त्याच काळातील काही निवडी पाहू.

‘साध्वी मीराबाई’ च्या आधीच्याच वर्षी, १९३६ मध्ये, दामले व फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते. पागनीसही मूळचे स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या वागण्याबोलण्यातील मार्दव तुकोबांना शोभेल काय, अशी शंका प्रारंभी दिग्दर्शकांनाच होती. प्रत्यक्षात तेच मार्दव तुकोबांच्या भोळ्या भक्तीशी एकरूप झाले. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे स्त्रीपार्टी नट चित्रपटात चालत नाही, असा सरसकट नियम नव्हता. नटाचा गुण आणि भूमिकेची गरज जुळली, तर तोच नट घराघरांत पूजला जातो.

‘साध्वी मीराबाई’ च्याच वर्षी प्रभातचा ‘कुंकू’ प्रदर्शित झाला. विजोड विवाहाची ती कथा. वृद्धाशी लग्न लावून दिलेल्या तरुणीची भूमिका शांता आपटे यांनी अशा तेजाने केली की, प्रेक्षक थक्क झाले. एकाच वर्षात एका पडद्यावर शांताबाईंची नीरा आणि दुसऱ्या पडद्यावर बालगंधर्वांची मीरा! प्रेक्षकांनी कोणाची निवड करावी हे जणू काळानेच ठरवून टाकले होते.

आपल्या नगरचे उदाहरण तर अभिमानाने सांगण्यासारखे आहे. शाहू मोडक यांचा जन्म १९१८ चा, अहमदनगरचा. घराणे मराठी ख्रिस्ती. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ मध्ये भालजी पेंढारकरांनी या चौदा वर्षांच्या मुलास कृष्ण केले, आणि पुढे कृष्ण म्हटले की मोडकांचाच चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ मध्ये तेच ज्ञानेश्वर झाले. ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातील एक ख्रिस्ती युवक पडद्यावर ज्ञानेश्वर होतो आणि वारकरी त्यास हात जोडतात! निवड करणाऱ्यांनी जन्म पाहिला नाही, घराण्याचा वारसा पाहिला नाही. चेहऱ्यावरील सात्त्विकता पाहिली. योग्य पारख म्हणतात ती ही.

मीरेची भूमिकाही पुढे योग्य हाती गेली. १९४५ मध्ये तमिळ भाषेत ‘मीरा’ निघाला व पुढे १९४७ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती आली. नायिका होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी, दिग्दर्शक एलिस डंगन नावाचे अमेरिकन गृहस्थ. डंगन यांनी सुब्बुलक्ष्मींच्या मुखाचा पुतळा करवून घेतला आणि त्यावर निरनिराळ्या बाजूंनी प्रकाश टाकून, कोणत्या कोनातून भाव उत्तम उमटतो याचा अभ्यास केला. गळा थोर आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. चेहरा कॅमेऱ्यासमोर कसा दिसेल हे त्यांनी आधी तपासले. मजेची गोष्ट अशी की, याच सुब्बुलक्ष्मींनी १९४१ च्या ‘सावित्री’ मध्ये पुरुषाची, म्हणजे नारदाची भूमिका केली होती, आणि त्या मोबदल्यातून ‘कल्की’ या तमिळ साप्ताहिकास भांडवल मिळाले. स्त्रीने केलेला नारद चालला, कारण नारदाच्या भूमिकेत वीणा, भक्ती व गोड गळा यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

परंतु केवळ स्त्री नायिका घेतली म्हणून यश येते असेही नाही. गुलजार यांच्या १९७९ मधील ‘मीरा’ मध्ये हेमामालिनी होत्या, संगीत पंडित रविशंकरांचे, स्वर वाणी जयराम यांचा. गायनाची वाखाणणी झाली, चित्रपट मात्र तिकिटबारीवर चालला नाही. मीरा ही भूमिका सौंदर्यालाही सहजासहजी वश होत नाही.

सातासमुद्रापलीकडेही तेच

हा दोष आपल्याच मातीचा, असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९६६ मध्ये ‘मेम’ नावाचे संगीत नाटक अफाट गाजले. त्यातील नायिकेच्या भूमिकेने अँजेला लान्सबरी या अभिनेत्रीस मोठा सन्मान मिळवून दिला. १९७४ मध्ये हॉलिवूडने त्यावर चित्रपट काढला तेव्हा मात्र ही भूमिका ल्युसिल बॉल यांना देण्यात आली. या बाई दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेमुळे घरोघरी लाडक्या झालेल्या होत्या. नाव मोठे, लोकप्रियता अपार. परंतु वय साठीच्या पुढे गेलेले आणि गाणे हे त्यांचे बळ नव्हे. वय झाकण्यासाठी त्यांची जवळून घेतलेली दृश्ये धूसर करण्यात आली. त्यामुळे प्रेक्षकांचे लक्ष नेमके वयाकडेच गेले. समीक्षकांनी चित्रपटास झोडपले. मोठ्या पडद्यावरील संगीतिकेत त्या पुन्हा नायिका म्हणून दिसल्या नाहीत.

‘माय फेअर लेडी’ चेही असेच. रंगभूमीवर ज्युली अँड्र्यूज यांनी गाजवलेली भूमिका १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांना दिली गेली, कारण त्यांचे नाव अधिक मोठे. बहुतेक गाणी मात्र दुसऱ्याच गायिकेच्या आवाजात घ्यावी लागली. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार ‘मेरी पॉपिन्स’ साठी मिळाला तो ज्युली अँड्र्यूज यांनाच! याच कथेच्या मुळावरून आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आणली. तेथे भक्ती बर्वे यांची निवड अशी अचूक ठरली की, मराठी प्रेक्षक आजही फुलराणी म्हटले की त्यांचेच नाव घेतो.

पारख कोणी करावयाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘साध्वी मीराबाई’ मध्ये चूक कोणाची? बालगंधर्वांच्या कलेची निश्चितच नव्हे. ती सोळा आणे होती. बाबूरावांच्या कौशल्याची नव्हे. विषयाची तर नव्हेच. चूक होती ती जोडणीची. आणि ही जोडणी होत असताना ‘महाराज, हे रूप रंगमंचाचे आहे, पडद्याचे नाही’, असे सांगण्यास जवळचा माणूस लागतो. ज्याच्यावर सारे प्रेम करतात, त्याच्या वाट्यास असा माणूस फार क्वचित येतो. स्तुती करणारे पुष्कळ असतात. आणि मंडळीचा खर्च भागवण्याची निकड असली की, स्वतःचे मनही स्तुतीचीच बाजू घेते.

आपल्या कुटुंबांत याचे प्रतिबिंब दिसत नाही काय? थोरला मुलगा म्हणून त्यास गल्ल्यावर बसवले जाते. त्याची बुद्धी हिशेबात तल्लख, पण गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलणे त्यास जमत नाही. धाकट्याच्या जिभेवर साखर. त्यास गोदामात पोत्यांची मोजदाद करण्यास धाडले जाते. दोघेही कष्टाळू, दोघेही प्रामाणिक, तरी दुकान मंदावते, आणि घरात ‘नशीब साथ देत नाही’ असे म्हटले जाते. सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण झालेली सून स्वयंपाकघरात, आणि पेढीची वही बाहेरच्या माणसाकडे, अशीही घरे आहेत. आडते बाजारापासून मार्केट यार्डापर्यंत अशी जोडणी चुकलेली उदाहरणे वाचकांना स्वतःच आठवतील. येथे नावे घेण्याचे कारण नाही.

याहून नाजूक प्रश्न ज्येष्ठांचा आहे. ज्यांनी शून्यातून दुकान उभारले, सायकलवर माल वाहिला, पिढ्यान्‌पिढ्यांची पत मिळवली, त्या आजोबांना काळ बदलला हे कोणी सांगावे? बहुतेक घरांत कोणीच सांगत नाही. आदरापोटी सारे गप्प राहतात, आणि मग एखादा मोठा व्यवहार फसला की, त्याच घरात आदराची जागा कुजबुज घेते. हा खरा अनादर होय. ‘आपण अमुक काम करावे, कारण ते आपल्यावाचून कोणास जमणार नाही, तमुक काम आता नातवाकडे द्यावे’, असे वेळीच, एकांतात आणि हात जोडून सांगणे हाच खरा आदर. खरेदीच्या वेळी हाताच्या स्पर्शाने मालाचा कस ओळखणारी नजर संगणकात नसते. ज्येष्ठांची जागा तेथे आहे, आणि ती लहान नाही.

ज्येष्ठांनाही येथे काही घेण्यासारखे आहे. आपण एका पेठेत राजे होतो म्हणून दुसऱ्या पेठेतही राजेच असू, असे नाही. आणि तेथे राजे नसलो म्हणून पहिल्या पेठेतील राज्य खोटे ठरत नाही. ‘साध्वी मीराबाई’ पडला, पण त्यामुळे रुक्मिणी व सिंधू पुसल्या गेल्या नाहीत. बालगंधर्व पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि पुढेही बरीच वर्षे गात राहिले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मदिनी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. समाजाने त्यांचा हिशेब करताना एका चित्रपटाचा तोटा पाहिला नाही. सारी वही पाहिली.

२०११ मध्ये रवी जाधव यांनी ‘बालगंधर्व’ हा चित्रपट काढला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सुबोध भावे यांनी त्यात बालगंधर्व साकारले. पुरुष नट, स्त्रीवेष आणि समोर कॅमेरा. १९३७ मध्ये जे जुळले नव्हते तेच पुन्हा एकत्र आले, आणि या वेळी लोकांनी डोक्यावर घेतले. गायनासाठी आनंद भाटे व रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. फरक एवढाच की, येथे प्रेक्षकांस ‘ही स्त्री आहे’ असे मानावयास सांगितले नव्हते. ‘हा स्त्रीभूमिका करणारा थोर पुरुष आहे’, असे दाखवले होते. जे रूप पूर्वी अडचण ठरले, तेच आता विषय झाले. गुण तोच, त्यास त्याची जागा मिळाली.

दिवाळीच्या पाडव्यास आपण नव्या वहीचे पूजन करतो, तेव्हा जुनी वही फेकून देत नाही. ती कपाटात ठेवतो, कारण पुढे कधीतरी पाहावी लागते. ‘साध्वी मीराबाई’ हे मराठी चित्रपटाच्या जुन्या वहीतील नावेचे एक पान आहे. घरातील कोणास कोणते काम द्यावे, असा विचार मनात येईल, तेव्हा हे पान एकदा उघडून पाहावे, आणि निर्णय घेण्यापूर्वी ज्याच्याविषयी तो घ्यावयाचा आहे त्याला जवळ बसवून एवढेच विचारावे, ‘हे काम तुझ्या मनाचे आहे ना?’